आईचं नाक

सोमवार, ३ तारीख

आधी कबूल करून टाकतो, मग बाकीचं. व्हॅनिलाच्या बाटलीत लसणाचं पाणी मी भरलं.

ही वही ताईनं दिली, लग्न करून गेली तेव्हा. म्हणाली, रोज एक चांगली गोष्ट लिही. चांगली गोष्ट घडायची वाट बघत बसलो असतो तर वही वाळवीनं खाल्ली असती. म्हणून वाईटापासून सुरू करतो. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे शुद्धलेखन तपासू नका.

तर आई घरी कपकेक करते. वाढदिवस, बारसं, कोणाची बढती, कोणाचं नवीन घर, काहीही असलं की लोक आमची बेल वाजवतात. आमचा ओव्हन गॅसवरचा, बाबांपेक्षा जुना, खाली वाकून काडी लावून पेटवावा लागतो. त्याला आकडे नाहीत, काटा नाही. आईला लागतही नाहीत. ती पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असते, मध्येच मान वर करते, म्हणते "झाले", आणि ते झालेलेच असतात. वासावर भाजते ती. बाबा बोटीवर कामाला आहेत, सहा महिन्यांनी एकदा येतात, ते म्हणतात तुझ्या आईच्या नाकाला बोटीवर नोकरी मिळेल, धुक्यात रस्ता दाखवायला.

त्या नाकाची मला गंमत करायची होती. आठ पाकळ्या ठेचल्या, रुमालातून गाळल्या, बाटलीत भरल्या. बाटली तपकिरी, आतलं दिसत नाही. आई ओतायच्या आधी बाटली नाकाशी धरते, डोळे मिटते, मगच ओतते. दर वेळी. मी दारात एक चप्पल घालून तयार उभा होतो, दुसरी हातात, पळायच्या बेतात.

तिनं बाटली नाकाशी धरली. डोळे मिटले. म्हणाली, "वा." आणि दोन चमचे ओतले.

मी चप्पल काढून ठेवली. म्हटलं ही माझी आई, हिनं ओळखलंय आणि आता माझ्यावरच डाव उलटवणार. चोवीस कपकेक भाजून झाले, घरभर लसूण. ती गुणगुणत गुलाबी क्रीमची फुलं काढत होती. शिंपीणबाईंच्या मुलीचा वाढदिवस होता, त्यांचा माणूस खोका घेऊन गेला. मी शेवटपर्यंत वाट बघितली की आता हसेल, मग हसेल.

हसली नाही.

मंगळवार, ४ तारीख

शिंपीणबाई आल्या. खोका टेबलावर ठेवला, एक कपकेक चावा घेतलेला, बाकी तसेच. त्यांनी झाकण उघडलं. आईनं एक उचलला, खाल्ला, आणि म्हणाली, "मला तर बरा लागतोय."

शिंपीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग आई माझ्याकडे वळली. मी खाली बघितलं. तेवढ्यावरून तिला कळलं. तिनं हात जोडून माफी मागितली, दुसरे करून देते म्हणाली. त्या गेल्यावर मी पाठ पुढे करून उभा राहिलो. मार ठरलेला होता, मी तयारीत होतो.

तिनं बाटली ओतून दिली, गरम पाण्यानं धुतली, उन्हात पालथी ठेवली. मला एक शब्द बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आईच्या माराला मी सरावलोय, ह्याला नाही.

आणखी एक. मैद्याच्या डब्यामागे मला गजराचं घड्याळ सापडलं, फडक्यात गुंडाळलेलं. टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून. आमच्या घरात घड्याळ लपवून ठेवायचं कारण काय?

गुरुवार, ६ तारीख

शंका आली की मी झोपत नाही. परीक्षा घेतो. आयुष्यात पहिल्यांदाच परीक्षा घेणाऱ्याच्या बाजूला आहे.

अंड्यांच्या जाळीत तळाशी एक सडकं अंडं होतं, हलवलं की आत डबडब वाजायचं. ते फोडलं, बशीत घातलं आणि सिलिंडरमागे लपवलं. सिलिंडर भरलेला, जाम हलेना. पायानं रेटला तेव्हा त्याची कड गॅसच्या पाइपावर बसली. परत उचलून पाइप सोडवला, चेपला होता तिथे बोटांनी गोल केला. कोणाला कळणार नाही असा केला. ह्या बाबतीत माझ्या हाताला यश आहे.

आता बघू.

शनिवार, ८ तारीख

दोन दिवस. दोन दिवस आई त्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून लोणी घोटत होती आणि तिला काही नाही. मैदानं स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. मैदा म्हणजे आमची मांजर, पांढरीफेक, दुधाचं पातेलं उघडलं तर तीन जिने खालून ऐकते. ती उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघायची, जणू तिला माहीत होतं कोणी केलंय.

आज समोरच्या काकू आल्या नाकाला ओढणी लावून. काकूंचं दार आमच्या दारासमोर, आणि काकूंचे कान, डोळे आमच्याच घरात राहायला असतात, आज नाकही आलं. म्हणाल्या, "अगं, काय मेलंय का तुमच्यात?"

आई थबकली. मग नाक वर करून म्हणाली, हो, मलाही सकाळपासून येतोय, मोरी तुंबली असेल. आणि मोरीकडे गेली. वास मागून येत होता, सिलिंडरकडून. काकूंनी मोरीकडे जाणाऱ्या आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी गेलो आणि बशी काढून आणली. म्हटलं, माझं काम आहे. काकूंनी दोन मिनिटं माझा उद्धार केला, पण त्यांचं लक्ष माझ्यावर आलं, आईवरून गेलं, तेच मला हवं होतं. जाताना मला नाव देऊन गेल्या, अंडोबा. मजल्यावर एव्हाना सगळ्यांना कळलं असेल.

दार लागल्यावर आई स्टुलावर बसली. हातात लोण्याचा चमचा तसाच.

"तापात गेलं," ती म्हणाली. "दोन महिने झाले. फोडणी नाही, साबण नाही, तुझे मोजे नाहीत. काही नाही."

मी म्हटलं, मोज्यांचं तर चांगलंच झालं. ती हसली नाही. डॉक्टर म्हणालेत येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार. आणि मग तिनं माझा हात धरला. आईनं असा हात धरल्याला किती वर्षं झाली मला आठवत नाही.

"लोक माझ्या हातचं नेत नाहीत रे, नाकचं नेतात. नाक गेलं म्हटल्यावर कोण येईल? ताईला नाही, बाबांना नाही, काकूंना तर मेलास तरी नाही. शपथ घे."

घेतली. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. तेव्हा बघितलं की तिचे कपाळावरचे केस आखूड झालेत, टोकं कुरळी, जळल्यासारखी. ती सगळ्यांना सांगत होती की इस्त्री करताना वाकले आणि केस भाजले. इस्त्री नव्हती. ओव्हनचं बटण चालू राहिलं होतं, तिला कळलं नाही, काडी ओढली आणि भक्क झालं. एवढंसं, ती म्हणाली, आणि बोटानं एवढंसं दाखवलं.

सोमवार, १० तारीख

मला नोकरी लागली. मी नाक आहे.

नियम तिनं ठरवले. एक म्हणजे मी म्हणेपर्यंत काडी ओढायची नाही. मी ओव्हनच्या तोंडाशी वाकायचं, लांब श्वास घ्यायचा, काही नसेल तर "पेटव" म्हणायचं. दुसरं म्हणजे भाजताना बाहेर हुंदडायचं नाही. बाकी बारीकसारीक.

आज तिनं मला शिकवलं. म्हणाली, आता कसा येतोय? मी म्हटलं, ओल्या पुठ्ठ्यासारखा. मग थांब. आता? दुधासारखा, गरम. थांब. मग एकदम वेगळाच आला आणि मला शब्दच सापडेना. ती म्हणाली, सांग ना, लवकर सांग. मी म्हटलं, ताई सासरहून घरी आल्यावर येतो तसा.

"झाले," ती म्हणाली आणि दार उघडलं. सोनेरी, एकसारखे, एकही करपलेला नाही. मग ती बराच वेळ मोरीपाशी भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

गुरुवार, १३ तारीख

बालवाडीच्या मोठ्या बाई येऊन गेल्या. बालवाडीला पंचवीस वर्षं झाली, शनिवारी २२ तारखेला समारंभ. दीडशे कपकेक आणि काडीवरचे केकचे छोटे गोळे, शंभर, प्रत्येकावर चॉकलेट आणि रंगीत दाणे. आईनं एवढं एकदम कधी केलेलं नाही. बाई म्हणाल्या, शिंपीणबाईंनी कायसं सांगितलं खरं, पण मी म्हटलं एकदा चूक कोणाचीही होते. एकदा हा शब्द त्यांनी जरा मोठ्यानं म्हटला.

म्हणजे हे जमलं तर आई राहिली, नाही जमलं तर आमच्या बेलचं बटण गंजलं. आईला ताप आल्यापासून मी तिला एवढी ताठ उभी राहिलेली बघितली नव्हती. तिनं लगेच यादी काढली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नाक शाबूत ठेव."

त्या कोपऱ्यातला अंड्याचा वास अजून पूर्ण गेलेला नाही. सांडलं असेल थोडं फरशीच्या फटीत. मी साबणानं धुतलं, लिंबू चोळलं. तरी सिलिंडरमागे वाकलं की येतोच, बारीक. आईला सांगितलं तर म्हणाली, घाण तू केलीस, तूच धू. धुतलं परत. काही नाही, वास घेताना मी तो कोपरा वजा करतो.

सोमवार, १७ तारीख

सिलिंडर संपला. नेहमी महिन्याच्या वर चालतो. सिलिंडरवाला म्हणाला, काय हो, हॉटेल काढलंत का? आई म्हणाली, सरावाचे घाणे चाललेत, ऑर्डर मोठी आहे. असेलच तसं.

नवीन लावताना त्यानं नाक फेंदारलं. म्हणाला, वास येतोय रे, जा, साबणाचं पाणी आण, लावून बघू. आई माझ्याकडे बघायला लागली, कारण आता त्यानं विचारलं असतं, बाई तुम्हाला नाही येत का वास? मग मी मध्ये पडलो. अंड्याची गोष्ट सांगितली. काकूंची ओढणी, अंडोबा, मांजराचा बहिष्कार, सगळं नाक मुरडून, आवाज काढून. गडी एवढा हसला की सिलिंडरवर बसला. म्हणाला, अंड्याचा आणि ह्याचा वास जुळा भाऊ आहे बघ, माणूस फसतो. साबणाचं पाणी मी आणलं तोवर खालून त्याच्या जोडीदारानं गाडीचा भोंगा वाजवला, तो डोळे पुसत पळाला.

आईनं माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडाळपणाचा पहिला फायदा.

साबणाचं पाणी वाया गेलं नाही, त्यात मोजे धुतले.

बुधवार, १९ तारीख

आज चूक झाली, पण चूक काकूंची. येता जाता अंडोबा, अंडोबा. जिन्यात पोरं पण म्हणायला लागली. म्हणून आमच्या दाराच्या चौकटीवर बादली टांगली, बर्फाचं पाणी भरून, दोरी अशी लावली की काकूंनी दार ढकललं की आंघोळ.

काकू आल्याच नाहीत. दुपारी बेल वाजली, मला वाटलं त्याच, मी मजा बघायला दार आतून ओढलं आणि बादली माझ्यावर. बाहेर पेपरवाला उभा होता. त्यानं बघितलं, पेपर ठेवला, सलाम केला आणि गेला.

आईनं टॉवेल फेकला. म्हणाली, कार्ट्या, सर्दी झाली तर? मी म्हटलं, मला? मला आजवर काय झालंय?

गुरुवार, २० तारीख

शिंकतोय. मैद्यामुळे असेल. उडतो ना.

शुक्रवार, २१ तारीख

नाक बंद. दोन्हीकडून. सकाळी चहा प्यायलो आणि गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं. आईला रोज असंच होत असणार.

तिला सांगितलं नाही. सांगायला गेलो होतो, खरंच. ती साच्यांमध्ये कागदाच्या वाट्या बसवत होती, पिवळी, निळी, पिवळी, निळी, आणि म्हणाली, तुझ्यामुळे होतंय रे हे सगळं. मग कसं सांगणार? सांगितलं तर ती काडीच ओढणार नाही. उद्या दीडशे पोरं टाळ्या वाजवत बसतील आणि मोठ्या बाई म्हणतील, दुसऱ्यांदा. नाहीतर आई काकूंना बोलवेल वास घ्यायला, मग संपलंच.

आणि मी काय फक्त नाकावर चालतो का? आज ते लपवलेलं घड्याळ माझ्या खिशात होतं. वाकलो, लांब श्वास घेतल्याचं नाटक केलं, "पेटव" म्हटलं, तिनं पेटवलं, काही झालं नाही. अठरा मिनिटांनी म्हटलं, ताई आली. उघडलं तर झालेले. चार घाणे काढले असेच. नाटकात मला कोण हरवणार? फक्त डोकं दुखत होतं दिवसभर, आईचंही. दोघांनी कपाळाला बाम लावला. तिनं विचारलं, जास्त लावला का, झोंबतोय का वास? मी म्हटलं, हो, फार.

दिवसभर खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे वाऱ्यानं दोनदा ज्योत विझली आणि कागदाच्या वाट्या जिन्यापर्यंत उडाल्या. संध्याकाळी टेबल मावेना म्हणून सिलिंडर अजून आत भिंतीला टेकवला, पाइप जरा ताणला गेला पण पुरला. तयार कपकेक टेबलावर झाकून ठेवले. मांजर शिवू नये, मुंग्या लागू नयेत, वारा लागून क्रीम सुकू नये म्हणून आईनं खिडक्या लावल्या, दार लावलं, आणि दाराच्या फटीला खालून ओला टॉवेल लावला. म्हणाली, आता ह्या खोलीत वारासुद्धा शिरणार नाही.

साठ कपकेक आणि सगळे गोळे उद्या सकाळी.

शनिवार, २२ तारीख, सकाळ

बाथरूममध्ये बसून लिहितोय, तोंडावर वाफ घेण्याच्या निमित्तानं. वाफ घेऊन उपयोग नाही. नाकात सिमेंट भरलंय.

आई कधीची उठलीये. धुतलेली साडी नेसलीये, केस कपाळावरून मागे घेतलेत, आखूड झालेले दिसू नयेत म्हणून. बाहेरच्या खोलीत मिश्रण कालवतेय. गुणगुणतेय. ताप आल्यापासून ती गाणं पूर्ण म्हणत नव्हती, आज दुसरं कडवं ऐकलं.

मैदा वेडी झालीये. स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, बाहेरच्या दाराला नखं लावतेय, केविलवाणं ओरडतेय. तिला सोडलं तर जिना उतरून पार रस्त्यापर्यंत गेली, वळून बघितलंसुद्धा नाही. दाराआडून मला एक बारीक आवाजही येतो, कोणी दातांतून हवा सोडावी तसा, पण माझे कान पण बसलेत, सर्दीत असं होतं.

मघाशी काकूंनी त्यांच्या दारातून ओरडून विचारलं, परत अंडं ठेवलंस का रे मेल्या? आख्खा जिना घाण मारतोय. आज समारंभाच्या दिवशी तरी सोड. मी ओरडून सांगितलं, आज दोन ठेवलीत काकू, एक तुमच्यासाठी. आई आतून हसली. खरंच हसली, आवाज आला मला. मग काकूंनी दार आपटलं.

आई हाक मारतेय. ती म्हणाली, "अरे नाका, कुठे आहेस? ये लवकर, बाई दहाला गाडी पाठवणारेत." स्वयंपाकघराच्या दाराखालचा टॉवेल काढल्याचा आवाज आला. काडेपेटी तिच्या हातात आहे, ती वाट बघताना हलवते, खुळखुळ वाजते.

जातो. वाकायचं, श्वास घेतल्यासारखं करायचं आणि एक शब्द म्हणायचा. काल चार वेळा म्हटला, चारही वेळा खरा ठरला. आजचा दिवस निघाला की संध्याकाळी तिला सगळं सांगेन, शप्पथ, मग मारू दे हवं तेवढं.

पण तोवर, ही वही ज्याला कोणाला मिळेल त्याच्या पाया पडतो, काकू असाल तर तुमच्यासुद्धा. लसणाचं सांगा, अंड्याचं सांगा, बादलीचं गावभर सांगा. फक्त मला सर्दी झालीये हे आईला सांगू नका. तिचा माझ्या नाकावर विश्वास आहे.